केसपेपरवरील दारूचा वास

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री उशिरा लिहिल्या जाणाऱ्या केसपेपरांवर एक शेरा वारंवार आढळतो, आणि तो लिहिणाऱ्या डॉक्टरच्या हाताला त्याची इतकी सवय झालेली असते की लेखणी त्यावर क्षणभरही अडखळत नाही. तोंडाला दारूचा वास, आणि त्यापुढे अधिकचे एक चिन्ह, एवढाच तो शेरा. रस्त्यावर निपचित सापडलेला, दुचाकीवरून पडलेला, मारामारीत डोके फुटलेला, जिन्यावरून घसरलेला असा जो कोणी १०८ च्या रुग्णवाहिकेतून किंवा पोलीस शिपायाच्या सोबतीने तेथे येतो, त्याच्या नावापुढे हा शेरा एकदा पडला म्हणजे वैद्याने त्याच्या बेशुद्धीचा अर्थ काय लावायचा, पोलिसांनी त्याच्यावर कोणते कलम लावायचे आणि विमा कंपनीने त्याच्या कुटुंबाचा दावा मान्य करायचा की नाही, या तिन्ही गोष्टींना त्याच क्षणी एक दिशा मिळून जाते. इतके दूरगामी परिणाम ज्या नोंदीतून निघतात ती नोंद मात्र एका थकलेल्या माणसाच्या नाकाने, गर्दीत, फिनेलच्या व स्पिरिटच्या दर्पात, घाईघाईने केलेली असते. या नाकाच्या जागी मोजमाप यावे, ते रुग्णाच्या खाटेपाशीच काही मिनिटांत व्हावे, आणि त्यावर पहिला हक्क उपचाराचा असावा, पुराव्याचा हक्क त्यामागून व वेगळ्या वाटेने यावा, हे माझे म्हणणे आहे.

श्वासाला येणारा वास आणि रक्तातील मद्याचे प्रमाण यांचा संबंध सामान्य माणूस समजतो त्याहून पुष्कळच सैल आहे. शुद्ध इथाइल अल्कोहोलला स्वतःचा गंध बेताचाच असतो. आपल्या नाकाला जो उग्र दर्प जाणवतो तो बहुतांशी त्या पेयातील इतर द्रव्यांचा असतो, आणि म्हणून पेलाभर ताडी घेतलेल्याच्या तोंडाला जेवढा वास येईल तेवढा अर्धी बाटली व्होडका रिचवलेल्याच्या तोंडाला येईलच असे नाही. मधुमेहाच्या रुग्णाच्या रक्तात कीटोनद्रव्ये साचली म्हणजे त्याच्या श्वासाला जो गोडसर वास येतो तो मद्याचा म्हणून लिहिला जाण्याचा धोका वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून शिकविला जातो. रक्तातील साखर एकाएकी उतरलेला माणूस अडखळत बोलतो, झोकांड्या खातो, आरडाओरडा करतो, प्रसंगी अंगावर धावून येतो. फेफऱ्याचा झटका नुकताच ओसरलेला माणूस विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो. मेंदूत रक्तस्राव झालेल्याची जीभ जड होते व एक पाय ओढला जातो. पाहणाऱ्याला या सर्वांचे दर्शनी रूप एकच दिसते, आणि त्या रूपाला आपल्याकडे लोकांनी व दुर्दैवाने काही डॉक्टरांनीही एकच नाव देऊन ठेवले आहे.

त्यातून अधिक खेदाची गोष्ट ही की वास खरा असला, माणूस खरोखरच प्यालेला असला, तरी निदान खरे ठरत नाही. उपाशीपोटी मद्य घेतले असता यकृताची नवी साखर तयार करण्याची क्रिया मंदावते आणि साखर घसरते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू आकसतो, त्याच्या व कवटीच्या आवरणांमध्ये ताणल्या गेलेल्या शिरा किरकोळ धक्क्यानेही तुटतात, रक्त गोठण्याची शक्तीही बहुधा क्षीण झालेली असते, आणि आत साकळणारे रक्त काही तासांनी मेंदूवर दाब आणते. म्हणजे ज्याच्या तोंडाला वास येतो त्याच्याच डोक्यात गंभीर इजा असण्याचा संभव इतरांहून अधिक, आणि नेमक्या त्यालाच, ‘उतरली की उठेल’ असे म्हणून भिंतीकडेच्या खाटेवर कूस वळवून निजविले जाते. त्यांतले बरेचसे सकाळी उठतातही. जो उठत नाही त्याच्या नातेवाइकांवर नंतर काय गुजरत असेल याची कल्पना मला करवत नाही, कारण त्यांतील कित्येकांना तो पिऊन मेला एवढेच सांगितले जाते आणि ती माणसे ते ऐकून, लाजेने मान खाली घालून, आणखी काही न विचारता घरी जातात.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची शुद्ध कमी झाली असेल तर मेंदूची गंभीर इजा नाही अशी खातरजमा झाल्याखेरीज तिचे कारण नशा म्हणून लिहू नये, असे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचे मार्गदर्शक संकेत स्पष्ट शब्दांत सांगतात. ग्लासगो येथील टीझडेल व जेनेट या दोघा वैद्यांनी १९७४ साली शुद्धीचे मापन करण्यासाठी जी पद्धती घालून दिली, ती आज तीन ते पंधरा गुणांच्या रूपात आपल्या ग्रामीण रुग्णालयांतही वापरली जाते. परंतु तिचे गुण कमी भरले की ते मद्याच्या खाती टाकण्याची प्रवृत्ती मात्र त्या पद्धतीबरोबर आलेली नाही, ती आपली पूर्वीचीच आहे. येथेच रक्तातील मद्याचा आकडा कामी येतो. मात्र तो कसा वाचायचा हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण लोकांची अपेक्षा असते त्याच्या नेमके उलट त्याचे महत्त्व आहे. आकडा मोठा आला तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. सरावलेला मद्यपी शंभर मिलिलिटर रक्तात तीनशे मिलिग्रॅम मद्य वागवीत स्वतःच्या पायांनी चालत येऊन आपले नाव-गाव सांगू शकतो, आणि त्याच प्रमाणावर नवखा तरुण श्वास गुदमरून मरणाच्या दारी पोहोचू शकतो. शिवाय मोठ्या आकड्याच्या आड फुटलेली कवटी सहज लपते. आकडा लहान आला, किंवा शून्य आला, आणि माणूस तरीही निपचित पडून असला, तर मात्र धोक्याची घंटा वाजलीच असे समजावे. त्या क्षणी ‘पिऊन पडला आहे’ हे स्पष्टीकरण गळून पडते, आणि खरे कारण शोधण्यावाचून डॉक्टरला गत्यंतर उरत नाही.

दुसरा उपयोग काळाचा आहे. शरीर मद्याचा निचरा सामान्यतः ताशी पंधरा ते वीस मिलिग्रॅम या गतीने करते. सरावलेल्यांत ही गती अधिक असते. मध्यरात्री ज्याचा आकडा एकशे ऐंशी भरला तो सकाळी सहाच्या सुमारास साठ ते नव्वदच्या दरम्यान यावयास हवा, म्हणजे तो जागा होऊन बोलावयास हवा. उलट शेवटचा पेला नुकताच घेतलेला असेल तर पोटातील मद्य रक्तात उतरण्यास अर्धा ते दीड तास लागतो आणि आकडा रुग्णालयात आल्यावरही चढतच राहतो, म्हणून एकदा मोजून भागत नाही. डोक्याला मार असेल तर सकाळपर्यंत वाट पाहणे हे केव्हाही अक्षम्य आहे, हे निराळे सांगावयास नको. परंतु जेथे सी.टी. स्कॅनचे यंत्र साठ किलोमीटरवर आहे आणि रुग्णवाहिका एकच आहे, तेथे रात्री दोन वाजता कोणाला आधी पाठवायचे हा निर्णय ज्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याला घ्यावा लागतो, त्याच्या हाती दोन तासांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे असणे आणि नुसता वास असणे यांत पुष्कळच अंतर आहे.

या मोजमापाचे शास्त्र नवे नाही. स्वीडनच्या एरिक विडमार्कने १९२२ मध्येच बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर मद्य मोजण्याची पद्धत बसविली होती, आणि अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टाइनने १९५४ मध्ये श्वासावरून ते मोजणारे सुटसुटीत यंत्र तयार केले. श्वासाचे यंत्र आज प्रत्येक नाकाबंदीवर दिसते. पण बेशुद्ध माणूस त्यात फुंकू शकत नाही, आणि नुकतीच उलटी झालेल्याच्या तोंडातील उरलेसुरले मद्य त्या यंत्राला फसवते. लाळेने भिजविली की काही मिनिटांत रंग पालटणारी पट्टी मिळते. ती नेमका आकडा देत नसली तरी आहे की नाही आणि थोडे की फार हे सांगते. आणि जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत साखर व युरिया तपासणारे जे स्वयंचलित यंत्र असते, त्यावरच अल्कोहोल डिहायड्रोजिनेज या वितंचकाच्या साहाय्याने रक्तरसातील मद्य मोजता येते. रसायने आणून ठेवली आणि रात्रपाळीस तंत्रज्ञ नेमला तर अर्ध्या-पाऊण तासात उत्तर मिळू शकते.

याच वितंचकाच्या एका गुणाकडे, महाराष्ट्राचा अनुभव ध्यानी घेता, विशेष लक्ष दिले पाहिजे. मुंबईतील विक्रोळी येथे २००४ च्या अखेरीस आणि मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने माणसे मेली; मालवणीतच शंभरांहून अधिक. ज्यांनी ती दारू घेतली ते बहुतेक रोजच्या कमाईतून रोजची बाटली घेणारे श्रमिक होते. त्या दारूत इथाइल अल्कोहोलच्या जागी मिथाइल अल्कोहोल, म्हणजे मिथेनॉल होते. मिथेनॉल प्याल्यावर माणूस प्रथम नेहमीसारखाच गुंगतो. विषाचा खरा प्रताप बारा ते चोवीस तासांनी, यकृताने त्याचे फॉर्मिक आम्ल बनविल्यावर, दिसू लागतो. डोळ्यांपुढे धुके पसरते, पोटात कळा येतात, श्वास खोल व जलद होतो, आणि तोपर्यंत रक्त आम्लधर्मी होऊन नेत्रतंतू व मेंदू यांची हानी सुरू झालेली असते. अशा वेळी येणारा पहिला रुग्ण हाच साऱ्या वस्तीला वाचविण्याची संधी घेऊन आलेला असतो. परंतु त्याच्या केसपेपरावर दारूचा वास एवढेच लिहिले गेले तर ती संधी गेली म्हणून समजावे. अल्कोहोल डिहायड्रोजिनेजवर आधारलेल्या तपासणीत मिथेनॉल जवळजवळ दिसतच नाही. सबब ज्याने काल रात्री भरपूर दारू घेतल्याचे घरचे लोक शपथेवर सांगतात, जो धापा टाकतो आहे आणि ज्याच्या रक्तात आम्ल वाढले आहे, त्याच्या तपासणीत मद्याचा आकडा शून्याच्या आसपास आला तर जाणत्या डॉक्टरने विषारी दारूची शंका तात्काळ घेऊन शेजारच्या रुग्णालयांना, पोलिसांना व उत्पादन शुल्क खात्याला त्याच रात्री वर्दी द्यावी. लाळेच्या पट्टीवर मात्र या बाबतीत विसंबू नये, कारण त्यातील बहुतेक पट्ट्या ज्या निराळ्या वितंचकावर चालतात त्याला मिथेनॉलही रंग आणते.

उपचारातही पुन्हा हेच मापन लागते. मिथेनॉलवरील उतारा म्हणून फोमेपिझोल हे औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घातले. पण आपल्या सामान्य रुग्णालयाच्या औषधसाठ्यात ते सहसा नसते, आणि तेथे अजूनही जुना उताराच दिला जातो, म्हणजे इथाइल अल्कोहोलच. हे रक्तात शंभर ते दीडशे मिलिग्रॅमच्या दरम्यान राखले तर यकृत त्यातच गुंतून राहते व मिथेनॉलचे विष बनण्याचे थांबते. कमी पडले तर उपयोग नाही, अधिक झाले तर श्वास मंदावतो. ज्या रुग्णालयाला रक्तातील मद्य मोजता येत नाही त्याने हा उतारा नुसत्या अदमासाने द्यावयाचा, आणि असा अदमास करीतच आपल्याकडील अनेक डॉक्टरांनी अशा रात्री काढल्या आहेत. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. त्यांना तसे काढावयास लावणाऱ्या व्यवस्थेबद्दल तो वाटत नाही.

काही अनुभवी डॉक्टर म्हणतील की आकडा आला काय नि न आला काय, आम्ही साखर तपासणार, डोक्याचा सी.टी. करणार, श्वासनलिका सांभाळणार. आकड्याने उपचार बदलत नाहीत. मोठ्या शहरातील सुसज्ज रुग्णालयापुरते हे म्हणणे बरेचसे खरे आहे, आणि साखरेची तपासणी मद्याच्या तपासणीआधी झाली पाहिजे यात तर वादच नाही. परंतु जेथे सी.टी. होणार नाही, जेथे विभागात पस्तीस रुग्णांमागे एकच डॉक्टर आहे, तेथे जो उपचार पुस्तकात अपरिहार्य म्हणून लिहिला आहे तो वासाच्या शेऱ्यामुळे लांबणीवर पडतो, आणि या अनुभवाला ते म्हणणे उत्तर देत नाही.

खरी अडचण कायद्याच्या बाजूची आहे. आमच्या राज्यात दारूच्या वैद्यकीय तपासणीचा उगमच मुळी फौजदारी आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली १९५९ साली रक्ततपासणीचे नियम झाले. पोलिसांच्या विनंतीवरून डॉक्टरने रक्त कसे घ्यावे, कातडी पुसताना स्पिरिट कसे वर्ज्य करावे, कुपी मोहोरबंद कशी करावी, याची तजवीज त्यांत केलेली आहे. १९७१ मध्ये मुंबईतील एका मोटार-अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, तोंडाचा वास, विस्फारलेल्या बाहुल्या व अडखळती चाल एवढ्यावरून माणसाने मद्य घेतले होते असा निष्कर्ष काढता येत नाही, असा अभिप्राय दिला. या निर्णयाला अर्धशतक उलटून गेले. तरीही केसपेपरावरील शेरा बदलला नाही, आणि बदलला नाही याचे कारण माझ्या मते असे की डॉक्टरला मद्याची तपासणी म्हणजे पोलिसांचे काम वाटते. पोलिसांची यादी आली तर रक्त घ्यायचे, कुपी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवायची, आणि आठवड्यांनी वा महिन्यांनी येणारा अहवाल न्यायालयात जाईल. रुग्ण तोपर्यंत बरा होऊन गेलेला असतो किंवा मेलेला असतो.

म्हणून उपचारासाठीचे मापन आणि अभियोगासाठीचा नमुना यांच्यामध्ये एक भिंत उभी केली पाहिजे. तिला शास्त्रीय आधारही आहे. रुग्णालयाचे यंत्र रक्तरसातील मद्य मोजते, आणि रक्तरसात ते संपूर्ण रक्तापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी अधिक भरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम आहे. रुग्णालयाच्या यंत्रावर तेहतीस आलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष रक्तात एकोणतीसच्या आसपास मद्य असू शकते, म्हणजे तो कायद्याने निर्दोष असू शकतो. शिवाय जबर जखमेने रक्तातील लॅक्टेट वाढले असता काही यंत्रे नसलेले मद्य दाखवितात. उपचाराला एवढी चूक सोसते, तुरुंगवासाला सोसत नाही. न्यायालयासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीने केलेले परीक्षण आणि अखंड साखळीने सांभाळलेली मोहोरबंद कुपीच हवी. याच कायद्याच्या कलम २०४ मध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाचे रक्त मागण्यापूर्वी त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळविले पाहिजे आणि उपचाराला बाध येत असल्यास तो हरकत घेऊ शकतो अशी मुभा ठेवलेली आहे. उपचार आधी, हे तत्त्व कायद्याने स्वतःच मान्य केले आहे. ते डॉक्टरांना कोणी सांगत नाही.

तरीही ही भिंत अभेद्य असावी असे मी म्हणणार नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीने दोन तरुण जीव घेतल्यावर एका शासकीय रुग्णालयात चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलला गेल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली, आणि प्रकरण न्यायालयात गेले. अशा वेळी, रुग्णालयात पाऊल टाकताच वेळेसह यंत्रावर छापला गेलेला उपचारार्थ आकडा दप्तरात असेल, तर मागाहून कुपीची अदलाबदल करणाऱ्याचे काम कठीण होईल. तो आकडा एकट्याने कोणाला दोषी ठरविणार नाही. पण न्यायालयाने रीतसर हुकूम काढून मागविला तर इतर वैद्यकीय दप्तराप्रमाणे तो हजर करावा, एवढे दार त्या भिंतीत असावे. पोलिसांनी विभागात येऊन, तोंडी विचारून, तो वाचून जावे, हे मात्र चालता कामा नये.

विम्याचा प्रश्न याहून गंभीर आहे असे मला वाटते, कारण त्याची झळ निरपराध बायकामुलांना बसते. वैयक्तिक अपघात विम्याच्या कराराप्रमाणे नशेत झालेली इजा बहुधा वगळलेली असते, आणि कंपनीचा प्रतिनिधी केसपेपराची नक्कल मागवून त्यावर तो वासाचा शेरा दिसला की दावा नाकारतो. घरचा कर्ता गेलेला, आणि त्याच्या अब्रूवर व भरपाईवर एकाच शेऱ्याने पाणी फिरविलेले. अमेरिकेत १९४७ च्या एका नमुना-कायद्याच्या आधारे अनेक राज्यांत विमा कंपन्यांना असाच अधिकार मिळाला, आणि त्याचा परिणाम असा झाला की खर्च बुडेल या भीतीने तेथील कित्येक शल्यचिकित्सकांनी रक्तातील मद्य तपासणेच सोडून दिले. २००१ मध्ये तेथील विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने ती तरतूद मागे घेण्याची शिफारस केली. दरम्यान सिअ‍ॅटलच्या एका अपघात-रुग्णालयात तपासणीने ओळखल्या गेलेल्या मद्यपी जखमींशी केवळ अर्धा तास सौजन्याने बोलून पाहण्याचा प्रयोग झाला होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुढील वर्षभरात अशा रुग्णांच्या नव्या दुखापती जवळजवळ निम्म्याने घटलेल्या दिसल्या. आपल्याकडे पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, इतरत्रही व्यसनमुक्तीची केंद्रे आहेत. परंतु जखमेला टाके घालून झाल्यावर माणूस शुद्धीवर आलेला, घाबरलेला आणि ऐकण्याच्या मनःस्थितीत असलेला जो क्षण असतो, त्या क्षणी त्याच्याशी बोलणारे कोणी अपघात विभागात नसते. मोजलेला आकडा हाती असेल तर त्याच्याशी काय बोलायचे हेही कळते, आणि आरडाओरडा न करता बोलता येते.

आरोग्य खात्याने या बाबतीत करावयाचे काम फार मोठ्या खर्चाचे नाही. केसपेपराच्या छापील नमुन्यात वासाचे घर काढून त्या जागी रक्तशर्करा आणि मद्याचे प्रमाण ही दोन घरे, प्रत्येकी वेळ व पद्धत लिहिण्याच्या जागेसह, छापावीत. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांना लाळेच्या पट्ट्या द्याव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वितंचकाची रसायने बाराही महिने राहतील आणि रात्री त्यावर काम करणारा तंत्रज्ञ असेल अशी तजवीज करावी. मिथेनॉलची शंका आल्यास कोणाला दूरध्वनी करायचा तो क्रमांक अपघात विभागाच्या भिंतीवर लिहिलेला असावा. पट्ट्यांची पेटी औषधनिर्मात्याच्या कुलुपात न राहता रात्रपाळीच्या परिचारिकेच्या मेजावर, ग्लुकोमीटरशेजारी असावी, आणि दर महिन्याला तिची मुदत पाहून सही करण्याचे काम एका कर्मचाऱ्याकडे नावानिशी सोपविलेले असावे.